कशाच्या तुलनेत काय? चेहऱ्यावरील भाव ओळखणाऱ्या मेंदूचा एफएमआरआयने अभ्यास करताना

चेहऱ्यावरील भाव आपला मेंदू कसा ओळखतो, याचा एफएमआरआय चित्रणाद्वारे अभ्यास करू इच्छिणारा विद्यार्थी बहुधा पहिले प्रश्न विचारतो ते स्कॅनरविषयी: त्याचे चुंबक किती टेस्ला ताकदीचे हवे, तासाला किती पैसे पडतील, रविवारी मिळेल का. हे प्रश्न रास्त आहेत, पण ते पुढच्या महिन्याचे आहेत. आधी एका कोऱ्या कागदावर आपण कशाच्या तुलनेत काय मोजणार आहोत, हे एका वाक्यात लिहावे. ते वाक्य नीट लिहिता आले नाही तर स्कॅनरची वेळ मागण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे आणि ते अनुभवाने पक्के झाले आहे.

याचे कारण या तंत्राच्या स्वभावातच आहे. फंक्शनल एमआरआय, म्हणजे एफएमआरआय, चेतापेशींचे काम थेट मोजत नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनयुक्त रक्त येते. ऑक्सिजन असलेल्या आणि नसलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असल्यामुळे स्कॅनरला मिळणाऱ्या संदेशात बारीकसा, पुष्कळदा एका टक्क्याहूनही कमी, फरक पडतो. सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये उंदरांच्या मेंदूत दाखवून दिलेला हा परिणाम बोल्ड या नावाने ओळखला जातो. हा संदेश एकट्याने काहीच सांगत नाही. दोन स्थितींची वजाबाकी केली तरच तो बोलू लागतो, आणि कोणती वजाबाकी करायची हे आपण ठरवायचे असते.

समजा, आपण घाबरलेले चेहरे दाखवले आणि मधूनमधून पडदा रिकामा ठेवला. या वजाबाकीत डोळ्यांनी पाहणे, चेहरा म्हणून ओळखणे, नजर रोखणे, बटण दाबणे आणि भीती ओळखणे हे सगळे एकत्र येईल, आणि कोणता भाग कशामुळे उजळला हे सांगता येणार नाही. घाबरलेल्या चेहऱ्यांतून निर्विकार चेहरे वजा केले तर 'चेहरा' दोन्हीकडचा कटतो आणि 'भाव' उरतो. घाबरलेल्यांतून आनंदी चेहरे वजा केले तर भाव दोन्हीकडे असल्याने विशिष्ट भावाचा प्रश्न विचारता येतो. चेहऱ्यांतून गोल-चौकोनी आकृत्या वजा करण्याची पद्धत जगभर वापरली जाते, कारण तिच्यात अमिग्डाला या मेंदूच्या आतल्या लहानशा भागाचा प्रतिसाद ठळक मिळतो; मात्र त्या प्रतिसादाला 'भावनेचा प्रतिसाद' म्हणणे घाईचे ठरते, कारण आकृतीला चेहरा नसतो, केवळ भाव नसतो असे नाही.

कोणत्या भागांकडे पाहायचे

संपूर्ण मेंदूत दिवा घेऊन शोधत फिरण्यापेक्षा आधीच्या संशोधनाने दाखवलेल्या भागांपासून सुरुवात करावी, आणि ते भाग माहिती गोळा करण्याआधी लिहून ठेवावेत. नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मेंदूच्या खालच्या बाजूस, फ्युझिफॉर्म वळीवर, इतर वस्तूंपेक्षा चेहऱ्यांना जास्त प्रतिसाद देणारा भाग दाखवला. जेम्स हॅक्सबी आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या प्रारूपानुसार हा भाग मुख्यतः चेहऱ्याची न बदलणारी ओळख पाहतो, तर नजर, ओठ आणि भाव यांसारख्या बदलत्या गोष्टी कानाच्या वरच्या अंगाला असलेल्या सुपीरिअर टेम्पोरल सल्कसकडे जास्त जातात. ही विभागणी आता इतकी काटेकोर मानली जात नाही, पण नियोजनासाठी ती अजूनही उपयोगी आहे.

अमिग्डालाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण विद्यार्थी सर्वाधिक घसरतात ते इथे. बदामाच्या आकाराचा हा लहानसा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या, एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका स्त्रीला चेहऱ्यावरील भीती ओळखता येत नाही, असे राल्फ अ‍ॅडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवले, आणि दोनच वर्षांनी चित्रणाच्या अभ्यासांतही घाबरलेल्या चेहऱ्यांना अमिग्डाला प्रतिसाद देताना दिसला. तेव्हापासून 'अमिग्डाला म्हणजे भीतीचे केंद्र' हे वाक्य रूढ झाले. पण २००५ मध्ये त्याच संशोधकांना असे आढळले की ती स्त्री समोरच्याच्या डोळ्यांकडे आपणहून पाहतच नव्हती. 'डोळ्यांकडे पाहा' असे सांगितल्यावर तिला भीती ओळखता येऊ लागली. म्हणजे प्रश्न भीतीचा होता की नजर कुठे वळते याचा? आपल्या अभ्यासात नजरेचा माग ठेवणारा कॅमेरा मिळत असेल तर तो जरूर वापरावा. नसेल तर प्रत्येक चेहऱ्याआधी दिसणारी फुली डोळ्यांच्या उंचीवर ठेवावी, म्हणजे निदान सुरुवातीची नजर तरी सर्वांची एकाच जागी असेल.

शब्दांची परीक्षा

पॉल एकमन यांच्या परंपरेतील सहा भाव, म्हणजे आनंद, दुःख, राग, भीती, किळस आणि आश्चर्य, बहुतेक अभ्यासांत घेतले जातात. मराठी वाचकाला यावरून भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ स्थायीभाव आठवणे साहजिक आहे: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय. त्यांतील सहा एकमनच्या यादीशी जवळपास जुळतात, हे मोहात पाडणारे आहे. तरीही स्थायीभाव ही रंगभूमीची संकल्पना आहे, स्नायूंच्या हालचालींची यादी नव्हे, आणि प्रबंधाच्या प्रस्तावनेत या दोहोंचे लग्न लावण्याचा उत्साह आवरावा.

खरी अडचण वेगळीच येते. इंग्रजी प्रश्नावलीतील शब्दांची भाषांतरे करून ती बटणांखाली लिहिली की काम झाले असे वाटते, पण सहभागी व्यक्तींच्या तोंडी ते शब्द असतातच असे नाही. गोव्यात फोंड्यातील एका छोट्या चाचणीत आम्ही पर्याय न देता केवळ छायाचित्रे दाखवून 'या माणसाला काय झाले आहे?' असे विचारले. भुवया वर, डोळे विस्फारलेले आणि तोंड उघडे असलेल्या चेहऱ्याला काहींनी भीती म्हटले, काहींनी आश्चर्य, पण पुष्कळांनी सरळ 'दचकला' असे उत्तर दिले. दचकण्यात भीतीही आहे आणि आश्चर्यही. भीती आणि आश्चर्य यांची गल्लत इतर भाषांतील अभ्यासांतही वारंवार दिसते, परंतु आपल्याकडे त्या गल्लतीला स्वतःचे क्रियापद आहे. 'किळस' हा शब्द सर्वांना कळला, 'जुगुप्सा' कोणी उच्चारलाही नाही, आणि घरात कोंकणी व शाळेत मराठी असलेल्या तरुणांनी अधूनमधून दोन्ही भाषा मिसळल्या. म्हणून ही मोकळ्या उत्तरांची चाचणी स्कॅनरच्या कितीतरी आधी, चटईवर बसून, कागद-पेन्सिल घेऊन करावी आणि पर्यायांचे शब्द तिच्यातून निवडावेत.

शब्द द्यायचे की नाहीत, हाही केवळ सोयीचा प्रश्न नाही. अहमद हरीरी आणि सहकाऱ्यांनी २००० साली केलेल्या अभ्यासात सहभागी व्यक्तींनी वरच्या चेहऱ्याशी जुळणारा चेहरा खालच्या दोहोंतून निवडला तेव्हा अमिग्डालाचा प्रतिसाद वाढला. त्याच चेहऱ्याला भावनेचे नाव द्यायला सांगितले तेव्हा तो कमी झाला आणि कपाळामागील उजव्या भागाचा प्रतिसाद वाढला. चेहरे तेच असून कृती बदलल्याने मेंदूचे चित्र बदलले. त्यामुळे भावाला नाव देणे, भाव जुळवणे, किंवा भावाकडे लक्ष न वेधता केवळ 'स्त्री की पुरुष' असे विचारणे, यांपैकी काय घ्यायचे हे आपल्या त्या एका वाक्यावरून ठरवावे. कोणाच्या तरी जुन्या प्रोग्राममध्ये तयार आहे म्हणून घेऊ नये.

छायाचित्रे

तयार संचांपैकी स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेचा १९९८ चा संच फार वापरला जातो: ७० व्यक्ती, सात भाव (निर्विकार धरून), पाच कोन, प्रत्येक चित्र दोनदा, एकूण ४,९०० छायाचित्रे. त्याचा फायदा असा की आपले निष्कर्ष इतरांच्या निष्कर्षांशी ताडून पाहता येतात. तोटा उघड आहे. आपल्याच समाजातील माणसांचे भाव थोडे अधिक अचूक ओळखले जातात, हे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसून आले आहे, आणि म्हापशाच्या बाजारात रोज दिसणारे चेहरे त्या संचात नाहीत.

स्वतः छायाचित्रे काढायची असतील तर नाट्यकलावंत घ्यावेत असे सर्वांनाच सुचते, आणि गोव्यात जत्रेच्या नाटकात काम करणारी माणसे गावोगाव सापडतात. आम्हीही तेच केले. पण देवळाच्या प्रांगणात शेवटच्या रांगेपर्यंत राग पोचवण्याची सवय असलेला नट दोन हातांवरील कॅमेऱ्यासमोरही तेवढाच राग करतो, आणि असा राग ओळखायला कोणाला मेंदू लागतच नाही. सर्वांची उत्तरे शंभर टक्के बरोबर येतात आणि फरक दिसायला जागाच उरत नाही. उपाय असा की प्रत्येक भाव तीन पट्ट्यांत काढून घ्यावा: नाटकातला, घरातला आणि लपवू पाहणारा. टिकली, कुंकू, कर्णफुले आणि गळ्यातील क्रॉस किंवा माळ काढून ठेवावी, केस वगळून चेहरा लंबगोलात कापावा, सर्व चित्रांचा उजेड आणि गडदपणा सारखा करावा. मग स्कॅनमध्ये भाग न घेणाऱ्या किमान तीसेक व्यक्तींकडून प्रत्येक चित्र ओळखून घ्यावे. ज्यांची छायाचित्रे काढली त्यांची लेखी संमती वेगळी घ्यावी लागते, आणि ती चित्रे छापून येऊ शकतात हे तिच्यात स्पष्ट असावे.

वेळेचे गणित

रक्तपुरवठ्याचा प्रतिसाद मंद असतो. चेहरा दिसल्यानंतर तो साधारण पाच-सहा सेकंदांनी शिखरावर पोचतो आणि ओसरायला आणखी बराच वेळ घेतो. त्यामुळे नवख्याने एकाच प्रकारची चित्रे सलग दाखवण्याची ब्लॉक रचना घ्यावी. तिच्यात संदेश साठत जातो आणि चुका पचतात. एक चालणारे गणित असे: भीती, आनंद, निर्विकार आणि आकृती अशा चार स्थिती, प्रत्येक ब्लॉकमध्ये तीन-तीन सेकंदांची सहा चित्रे, म्हणजे १८ सेकंद, त्यानंतर १२ सेकंद विश्रांती. प्रत्येक स्थिती चार वेळा आली की १६ ब्लॉक होतात आणि एकूण वेळ ४८० सेकंद, म्हणजे आठ मिनिटे भरते. दर दोन सेकंदांनी मेंदूचे एक पूर्ण चित्र घेतल्यास २४० चित्रे मिळतात. असे दोन रन, म्हणजे स्कॅनच्या दोन फेऱ्या, पुरतात. त्याहून लांबवले तर माणूस कंटाळतो आणि अमिग्डालाही: त्याच त्या चेहऱ्यांना त्याचा प्रतिसाद लवकर मंदावतो.

या गणितात एक खड्डा आहे. विश्लेषणाचे एसपीएम हे सॉफ्टवेअर, वेगळे काही सांगितले नाही तर, १२८ सेकंदांहून मंद चढउतार यंत्राचा दोष समजून गाळून टाकते. वरील रचनेत प्रत्येक स्थिती सरासरी १२० सेकंदांनी परत येते. क्रम पूर्णपणे चिठ्ठ्या टाकून ठरवला आणि भीतीचे दोन ब्लॉक चुकून दूर पडले तर आपला संदेशही त्या गाळणीत जाईल. म्हणून ज्या दोन स्थितींची वजाबाकी करायची त्या शेजारीशेजारी ठेवाव्यात, आणि त्यांतील आधीची-नंतरची मात्र आलटून-पालटून बदलावी.

किती माणसे लागतील? एकाच गटात दोन स्थितींची तुलना असेल आणि फरक मध्यम असेल, म्हणजे कोहेनच्या मापाने ०.५, तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के असावी यासाठी ३४ व्यक्ती लागतात. तेवढाच फरक दोन वेगळ्या गटांत शोधायचा तर प्रत्येक गटात ६४. बारा-पंधरा जणांचे अभ्यास एकेकाळी छापले जात, आता जाऊ नयेत. आपल्या पैशांत ६४ अधिक ६४ बसत नसतील तर गटांची तुलना सोडून देऊन एका गटाचा प्रश्न नीट विचारावा. स्कॅनर मुळीच मिळत नसेल तर डोक्यावरून मेंदूचे विद्युत तरंग टिपणाऱ्या ईईजीचा विचार करावा. चेहरा दिसल्यापासून सुमारे १७० मिलिसेकंदांनी येणारा एन१७० हा तरंग कमी खर्चात मोजता येतो, जरी तो अमिग्डालाबद्दल फारसे काही सांगत नसला तरी.

परवानगी आणि यंत्र

संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता मिळेपर्यंत एकाही व्यक्तीला बोलावू नये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे समोर ठेवून अर्ज लिहावा. संमतिपत्र मराठी आणि कोंकणी दोन्हींत असावे आणि ते वाचून दाखवावे. त्यात एक परिच्छेद अनेक जण विसरतात: अभ्यासासाठी घेतलेल्या चित्रात अनपेक्षितपणे गाठ किंवा दुसरे काही दिसले तर ते कोणता रेडिओलॉजिस्ट पाहील, आणि त्या व्यक्तीला कोण व कसे सांगेल.

गोव्यात संशोधनासाठीच राखून ठेवलेला स्कॅनर मिळेल असे गृहीत धरू नये. रुग्णांच्या वेळापत्रकातून उरलेली वेळ मिळते, ती बहुधा रात्रीची किंवा दुपारच्या जेवणानंतरची. दुपारची नको. सोलकढी आणि भात जेवून आलेला माणूस अंधाऱ्या नळीत आडवा झाला की कितीही भेसूर चेहरे दाखवा, तो झोपतो.

तीन टेस्लाचे यंत्र आणि ३२ वाहिन्यांची डोक्याची कॉइल, म्हणजे डोक्याभोवती बसणारा संदेशग्राहक, मिळाली तर उत्तम. व्हॉक्सेल म्हणजे मेंदूच्या चित्रातील घनाकार ठिपका; तो तीन मिलिमीटरचा असेल तर एका बाजूचा अमिग्डाला जेमतेम साठ-सत्तर व्हॉक्सेलचा भरतो, शिवाय तो नाकामागील हवेच्या पोकळीजवळ असल्याने तिथे संदेश विस्कटतो. व्हॉक्सेल दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत खाली आणणे, स्लाइस, म्हणजे मेंदूचे काप, कलत्या घेणे आणि फील्ड मॅप, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातील असमानतेचा नकाशा, घ्यायला न विसरणे, एवढे टेक्निशियनशी आधी बोलून ठरवावे.

स्कॅनचा दिवस

सुरक्षिततेची प्रश्नावली फोनवर एकदा आणि दारात पुन्हा एकदा विचारावी. पेसमेकर, मेंदूतील क्लिप आणि कानातील इम्प्लांट यांबद्दल सर्वजण विचारतात. वास्कोच्या गोदीत वेल्डिंग केलेल्या माणसाला डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे विचारायला मात्र आठवण ठेवावी लागते. साडीच्या पिना, अंबाड्यातील आकडे, काजळ, धातूच्या चौकटीचा चष्मा, सगळे बाहेर.

एकदा साठीच्या एक बाई ठरल्या वेळी आल्या, पायांतील जोडवी निमूटपणे काढली, आणि मंगळसूत्रापाशी थांबल्या. आमची विद्यार्थिनी नियम समजावू लागली, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "बाय, हे काढायचं म्हणून कालच सांगितलं असतंस तर मी घरी विचार केला असता." चूक आमची होती. सोने चुंबकाकडे ओढले जात नाही, पण धातूची साखळी तापू शकते, त्यामुळे ते अंगावर ठेवता येत नव्हते. शेवटी आमच्याच एका सहकाऱ्याच्या पत्नीने काळे काचेचे मणी सुती दोऱ्यात ओवून दिले, ते गळ्यात घालून बाई आत गेल्या आणि अर्धा तास इतक्या स्थिर राहिल्या की त्यांची माहिती त्या वर्षीच्या सर्वोत्तम माहितींपैकी एक ठरली. तेव्हापासून मण्यांचे दोन सर आमच्या डब्यात असतात आणि आदल्या दिवशीच्या फोनमध्ये मंगळसूत्राचे वाक्य असते.

आत झोपलेली व्यक्ती कॉइलवरील आरशातून पडदा पाहते, आणि आरसा डावे-उजवे उलटवतो. आमच्या पहिल्या चाचणीत हे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण चेहरा उलटला तरी चेहराच दिसतो. शेवटच्या रनमध्ये बटणांखाली 'भीती' आणि 'आनंद' हे शब्द आले तेव्हा आतून आवाज आला की अक्षरे उलटी आहेत. म्हणजे आधीच्या रनमध्ये डावीकडचा चेहरा निवडणाऱ्यांची बटणे उलटी मोजली गेली होती. पहिल्या व्यक्तीला आत पाठवण्याआधी आपण स्वतः झोपून पडद्यावर एक मराठी शब्द वाचावा.

बटणे दाबण्याचा सराव बाहेर लॅपटॉपवर, वेगळ्या चेहऱ्यांवर करून घ्यावा. कानात बोळे आणि वरून हेडफोन हवेतच, कारण यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्याही वर जाऊ शकतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज आणि कपाळावर एक हलकी चिकटपट्टी लावली की डोके हलताच त्या व्यक्तीला स्वतःलाच कळते. चेहऱ्यांचा प्रोग्राम स्कॅनरच्या ट्रिगरने, म्हणजे स्कॅन सुरू होताच यंत्राकडून येणाऱ्या खुणेने, सुरू व्हावा. रुग्णालयातील यंत्राला तशी सोय नसेल तर 'तीन, दोन, एक' म्हणून हाताने सुरू करण्यापेक्षा ती सोय असलेले केंद्र शोधावे.

विश्लेषण

माहिती प्रथम बिड्स या सर्वमान्य मांडणीत ठेवावी आणि एफएमआरआयप्रेप या मोफत साधनाने तिची पूर्वतयारी करावी: हालचालीची दुरुस्ती, विस्कटलेल्या भागाची दुरुस्ती आणि सर्वांचे मेंदू एका प्रमाण नकाशावर आणणे. प्रत्येक व्यक्तीचा अहवाल डोळ्यांनी पाहावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि टाळता येत नाही. दोन चित्रांमध्ये डोके अर्ध्या मिलिमीटरहून जास्त हलले असेल ती चित्रे खुणावून ठेवावीत, आणि कितीपेक्षा जास्त हलल्यास व्यक्ती वगळायची हे आधीच लिहिलेले असावे. शेजारच्या व्हॉक्सेलशी सरासरी काढून चित्राला जो पुसटपणा (स्मूदिंग) देतात, तो अमिग्डालासाठी पाच-सहा मिलिमीटरहून जास्त देऊ नये, नाहीतर अमिग्डाला शेजारच्या हिप्पोकॅम्पसमध्ये मिसळून जातो.

मेंदूत हजारो व्हॉक्सेल असतात आणि प्रत्येकावर वेगळी कसोटी लावली जाते, त्यामुळे दुरुस्ती न करता ०.०५ ची सार्थकतेची पातळी घेतली तर केवळ योगायोगाने शेकडो ठिपके उजळतात. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे दाखवण्यासाठी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली, आणि त्यातील माणसाला कोणती भावना होत असेल असा प्रश्न विचारला. दुरुस्ती न केल्यास माशाच्या मेंदूतही 'प्रतिसाद' दिसत होता. पणजीच्या बाजारातील इसवण माशानेही तेवढीच भावओळख दाखवली असती. म्हणून बहुतुलनेची दुरुस्ती करावी, आणि आधी लिहून ठेवलेल्या भागांची सरासरी वेगळी तपासावी.

निष्कर्ष लिहिताना दोन वाक्ये खोडून काढावीत. पहिले: 'अमिग्डाला उजळला, म्हणजे सहभागी व्यक्ती घाबरल्या होत्या.' अमिग्डाला आनंदी चेहऱ्यांना, अनोळखी चेहऱ्यांना आणि संदिग्ध गोष्टींनाही प्रतिसाद देतो. चित्रावरून मनःस्थितीकडे असा उलटा प्रवास करता येत नाही. दुसरे: 'या व्यक्तीचा प्रतिसाद कमी आहे, म्हणून तिला अमुक विकार असावा.' गटाची सरासरी स्थिर असली तरी एकाच माणसाचे आकडे दोन भेटींत बरेच बदलतात, आणि सहभागी व्यक्तींपैकी कोणी 'माझा मेंदू बरा आहे ना?' असे विचारले तर या अभ्यासातून ते कळत नाही असेच सांगावे लागते.

माहिती इतरांना खुली करायची असेल तर एक काम राहते. रचना दाखवणाऱ्या एक मिलिमीटरच्या स्कॅनमध्ये मेंदूसोबत त्वचाही येते, आणि साध्या संगणकावरही त्यातून नाक, ओठ, हनुवटी उभी करून माणूस ओळखता येतो. नाव पुसले तरी चेहरा फाइलमध्येच राहतो. पायडीफेससारख्या साधनाने तो भाग कापून टाकावा, आणि कापलेली प्रत्येक फाइल उघडून मेंदूचा काही भाग सोबत गेला नाही ना आणि चेहरा खरोखरच गेला आहे ना, हे पाहावे.